हार्ड डिस्कची जबानी

संगणकाची प्रकृती तपासणाऱ्या साधनांवर विश्वास ठेवावा की न ठेवावा, हा वाद संगणकाइतकाच जुना असला, तरी 2023 च्या जून महिन्यात त्याला जे वळण लागले ते सामान्य वाचकानेही ध्यानात घ्यावे असे आहे. सिनॉलॉजी या तैवानी कंपनीच्या साठवणयंत्रांत वेस्टर्न डिजिटल या अमेरिकन कंपनीच्या हार्ड डिस्क बसवून त्यांत घरची छायाचित्रे, दुकानाचे हिशेब आणि कचेरीचे दप्तर सांभाळणाऱ्या लोकांच्या पडद्यावर असा इशारा उमटू लागला की, ही डिस्क फार तास चालली आहे, ती लवकरच बदलण्याचा विचार करावा. ज्यांना असा इशारा मिळाला त्यांपैकी कित्येकांच्या डिस्कमध्ये बिघाडाचे दुसरे कोणतेही चिन्ह नव्हते. तिचा अपराध म्हणावा तर एवढाच, की तिने तीन वर्षे, म्हणजे 26,280 तास, बिनतक्रार चाकरी केली होती.

यावर जी खडाजंगी झाली तिच्यात दोन पक्ष स्पष्ट दिसत होते. नवा माल खपवण्यासाठी वेस्टर्न डिजिटलने केलेली ही क्लृप्ती आहे, असे एकाचे म्हणणे. जुन्या डिस्कवर विसंबणारा स्वतःच्या नुकसानीला स्वतःच जबाबदार, असे दुसऱ्याचे. आमच्या मते दोघांनीही मूळ मुद्दा सोडून दिला. डिस्क जुनी होते हे खरे आणि जुनी वस्तू अधिक मोडते हेही खरे. परंतु तपासणीच्या नावाखाली जे सांगितले गेले ते तपासणीचे फलित नव्हतेच, ती केवळ वयाची नोंद होती, आणि वयाच्या नोंदीला निदानाचा दर्जा देण्याचा अधिकार इशारा देणाऱ्या प्रणालीला कोणी दिला, हा खरा प्रश्न होता.

प्रत्येक हार्ड डिस्क जन्मापासून स्वतःची एक नोंदवही ठेवीत असते. ‘स्मार्ट’ या नावाने ओळखली जाणारी ही व्यवस्था गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात रूढ झाली. किती तास चाललो, तापमान किती चढले, पृष्ठभागावरचे किती भाग निकामी ठरवून त्यांच्या जागी राखीव भाग योजले, कितींचा निकाल अजून लागायचा आहे, असे सारे तीत टिपलेले असते. मात्र कोणत्या आकड्यापाशी धोका मानायचा ती मर्यादा ठरवतो उत्पादक. आणि ती बहुधा इतकी सैल असते, की डझनावारी भाग निकामी झालेली डिस्कही ‘उत्तीर्ण’ असा दाखला बेलाशक देऊ शकते. जपानमध्ये तयार झालेला क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम तीच नोंदवही वाचतो, परंतु एक भाग जरी बदललेला आढळला तरी पिवळा रंग दाखवून सावध करतो. एकाच डिस्कविषयी उत्पादकाचे साधन ‘ठीक’ म्हणते आणि तिऱ्हाईत प्रोग्राम ‘सावधान’ म्हणतो; मग दोन्हींपैकी खोटे कोण यावर माणसे रात्री जागवतात. वस्तुतः खोटे कोणीच नसते. बदली मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला माल बदलून द्यावा की नाही, हे ठरवताना उत्पादकाला उपयोगी पडेल ते एकाने सांगितलेले असते, आणि आपल्या मुलांची छायाचित्रे वाचवू पाहणाऱ्या गृहस्थाला उपयोगी पडेल ते दुसऱ्याने.

यात आणखी एक गोम आहे. सीगेट कंपनीच्या पुष्कळ डिस्कमध्ये वाचनातील चुकांचा म्हणून जो कच्चा आकडा दिसतो तो कोटींच्या घरात असतो, आणि नवखा मनुष्य तो पाहून हबकतो. परंतु त्या एकाच आकड्यात झालेल्या क्रियांची संख्या आणि त्यांतल्या चुकांची संख्या एकत्र गुंफलेली असते, व चुकांचा भाग बहुधा शून्यच निघतो. किल्ली उत्पादकाच्या खिशात ठेवून वही तेवढी सर्वांसमोर उघडी टाकायची, आणि मग लोक भांडतात म्हणून त्यांना अडाणी ठरवायचे, हा प्रकार न्याय्य म्हणता येत नाही.

मग या जबानीची किंमत किती? या प्रश्नाला आकड्यांनी उत्तर देण्याचा एक मोठा प्रयत्न 2007 साली गूगलच्या तिघा अभियंत्यांनी केला. आपल्या कंपनीतील एक लाखाहून अधिक डिस्कचा इतिहास त्यांनी तपासला, तेव्हा असे आढळले की, पृष्ठभागाची झडती घेताना ज्या डिस्कमध्ये पहिली चूक सापडते ती पुढल्या 60 दिवसांत निकामी होण्याचा संभव, चूक न सापडलेल्या डिस्कच्या मानाने 39 पट असतो. एवढ्यावरूनच कोणी नोंदवहीचा जयघोष करू लागेल, तर त्याने या अभियंत्यांच्या त्याच निबंधातला दुसरा आकडाही वाचावा: निकामी झालेल्या डिस्कपैकी 56 टक्क्यांहून अधिक डिस्कच्या वहीत चार प्रमुख लक्षणांपैकी एकाचीही नोंद नव्हती, आणि तापमान वगळून उरलेली सारी लक्षणे जमेस धरली तरी 36 टक्क्यांहून अधिक डिस्क कसलीही पूर्वसूचना न देताच गेल्या. तात्पर्य, हा साक्षीदार गुन्हा कबूल करतो तेव्हा त्याचे म्हणणे मानावे, परंतु ‘मी निर्दोष आहे’ असे म्हणतो तेव्हा ते कागदावर टिपून घेऊन बाजूला ठेवावे. साधन विश्वसनीय आहे असे म्हणणारा आपली वाचलेली डिस्क पुढे करतो, नाही म्हणणारा आपली बुडालेली डिस्क. आणि दोघांचेही अनुभव एकाच निबंधात शेजारी-शेजारी बसतात, हे दोघांनाही ठाऊक नसते.

याहून निराळा आणि सरळसरळ निंद्य प्रकार तो, जेथे तपासणारा आणि विकणारा एकच असतो. अमेरिकेतील ऑफिस डेपो या कंपनीच्या दुकानांत संगणकाची मोफत तपासणी करून देत. तपासणीपूर्वी चार प्रश्न विचारले जात: संगणक मंद चालतो काय, मध्येच बंद पडतो काय, अशा धर्तीचे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनची फिर्याद अशी होती की, यांपैकी कोणत्याही एका प्रश्नापुढे खूण केली की प्रत्यक्ष तपासणीत काही सापडो वा न सापडो, अहवालात घातक प्रोग्रामांची लक्षणे आढळल्याचे येई, आणि त्या अहवालाच्या जोरावर गिऱ्हाइकाच्या गळ्यात दुरुस्ती मारली जाई. 2019 मध्ये ऑफिस डेपोने अडीच कोटी डॉलर आणि प्रोग्राम पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने एक कोटी डॉलर भरून हे प्रकरण मिटवले. संगणक मंद चालतो म्हणूनच तर मनुष्य तो दुकानात आणतो. त्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारा महाभाग तेथे येणार कशाला?

आणि नोंदवहीतच खाडाखोड झाली तर? 2025 च्या आरंभी जर्मनी व शेजारच्या देशांत सीगेटच्या ज्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्या, त्यांच्या ‘स्मार्ट’ नोंदीत चाललेले तास जवळजवळ शून्य दिसत होते. परंतु ‘फार्म’ नावाची जी दुसरी नोंद त्याच डिस्कमध्ये असते ती वाचली असता काही डिस्क हजारो तास राबलेल्या निघाल्या. एक वही पुसणाऱ्यांच्या हातून दुसरी तशीच राहून गेली होती. हा उलगडा झाला तो दोन्ही वह्या ताडून पाहण्याची सोय सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती होती म्हणून, आणि स्मार्टमॉनटूल्स हा विनामूल्य व खुला प्रोग्राम ती दुसरी नोंद वाचू शकत होता म्हणून.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये काय, वापरलेल्या डिस्कचा व्यापार उघड चालतो, आणि त्यात गैर असे काही नाही. जुनी डिस्क जुनी म्हणून घेणारा आपल्या जोखमीवर घेतो. परंतु उत्पादकांनी आपल्या कच्च्या आकड्यांचा अर्थ व धोक्याच्या मर्यादा छापील स्वरूपात जाहीर कराव्यात, आणि विक्रेत्याने पावतीवर चाललेल्या तासांचा आकडा, शक्य असेल तेथे दोन्ही नोंदींतला, सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावा, एवढी मागणी ग्राहक पंचायतींनी लावून धरण्यास काय हरकत आहे? जो विक्रेता असा आकडा लिहून देण्यास कां-कूं करील, त्याच्याकडची डिस्क कोणत्या साधनाने तपासावी या वादात पडण्याचे कारण गिऱ्हाइकाला उरत नाही.