मृताच्या पैशाचा धनी कोण?

कर्ता माणूस गेला की घरावर दोन आघात होतात. पहिला दैवाचा, त्यास इलाज नाही. दुसरा कागदाचा, तो मात्र सर्वस्वी आपणच आपल्यावर ओढवून घेतलेला असतो. दहावे-तेरावे आटोपते न आटोपते तोच भविष्यनिर्वाह निधी, विमा, ग्रॅच्युइटी आणि पगारदारांच्या पतसंस्थेचा मृत्युनिधी यांचे कागद बाहेर निघतात, आणि कालपर्यंत एकमेकींच्या गळ्यात पडून रडणाऱ्या सासू-सुना वकिलांच्या पायऱ्या चढू लागतात. हा तमाशा अनेक घरांनी पाहिला आहे. म्हणूनच त्याचे मूळ कशात आहे, हे एकदा स्पष्ट बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मूळ आहे एका साध्या अर्जात. बाविशी-तेविशीचा तरुण नोकरीस लागतो. कारकून त्याच्यापुढे कागद सरकवतो आणि 'तुमच्या पश्चात रक्कम कोणास द्यावी?' असे विचारतो. तो आईचे नाव लिहितो. त्यात वावगे काहीच नाही. पुढे लग्न होते, मुले होतात, बदल्या होतात, पगार वाढतो. बदलत नाही तो फक्त दप्तरात पडलेला तो अर्ज. एके दिवशी अपघात होतो, आणि वीस वर्षांपूर्वीचा तो कागद बोलू लागतो. आई म्हणते, 'माझे नाव आहे, रक्कम माझी.' पत्नी म्हणते, 'मग मुलांचे काय?' दोघीही खोटे बोलत नाहीत, हेच या भांडणाचे दुःख आहे.

कायद्याने याचे उत्तर केव्हाच दिले आहे. विम्याच्या एका दाव्यात नामनिर्देशित पत्नीने सर्व रकमेवर एकटीचा हक्क सांगितला. मृताची आई आणि मुलगा त्याविरुद्ध उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ च्या डिसेंबरात निर्णय दिला, की ज्याचे नाव अर्जावर असते तो रक्कम स्वीकारण्याचा अधिकारी होय. तिचा मालक नव्हे. रक्कम वारसा कायद्याप्रमाणे वारसांत वाटली गेली पाहिजे. २००९ साली भविष्यनिर्वाह निधीच्या वादात हाच न्याय उलट बाजूने लागू झाला: तेथे लग्नापूर्वी आईचे नाव लागलेले होते, आणि विधवेस तिचा वाटा मिळाला. हिंदू वारसा कायद्याने आई, पत्नी, मुलगा आणि मुलगी यांस एकाच पंक्तीस बसविले आहे. अर्जावरील एका नावाने ती पंक्ती मोडत नाही.

२००८ साली एका कोळसा खाणीतील कामगाराच्या पश्चात निवाडा झाला, तो तर डोळे उघडणारा आहे. पहिली पत्नी हयात असताना तो दुसऱ्या स्त्रीसह संसार करीत होता. तिच्यापासून त्यास चार मुले होती, आणि सर्व कागदांवर तिचेच नाव होते. न्यायालयाने रक्कम उचलण्याचे प्रमाणपत्र तिला दिले. पण विवाहित पत्नीचा एक पंचमांश वाटा तिने राखून ठेवावा, असे बजावले. चार मुले आणि एक पत्नी, असे ते पाच वाटे. पोरांवर अन्याय नाही, पत्नीवरही नाही.

२०१५ साली विमा कायद्यात दुरुस्ती झाली, आणि आईबाप, पती-पत्नी व मुले यांचे नाव लावल्यास ते लाभाचे धनी ठरतील, असे शब्द त्यात आले. त्यामुळे वाद मिटला असे अनेकांस वाटले. परंतु २०२५ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने, अन्य वारसांनी हक्क सांगितल्यास वारसा कायदाच श्रेष्ठ राहील, असे म्हटले. आई, विधवा आणि मूल यांस समान तिसरा हिस्सा दिला. सीमाभागातील वाचकांनी हा निवाडा लक्षात ठेवावा. त्यांचे दावे याच न्यायालयाच्या छायेत चालतात.

कोणी म्हणेल, नाव लावणे हीच मृताची अंतिम इच्छा. तिचा मान राखू नये काय? अवश्य राखावा. पण इच्छा सांगण्याचे साधन मृत्युपत्र हे आहे. त्यास मुद्रांकाचा कागद लागत नाही. दोन साक्षीदार पुरतात. वीस वर्षांपूर्वी घाईत भरलेला रकाना म्हणजे माणसाची अंतिम इच्छा, असे समजणे हा त्या माणसावरच अन्याय होय.

१९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी योजनेने हे शहाणपण आरंभीच दाखविले होते. कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन कुटुंब होताच आपोआप रद्द समजावे, असा नियम तिने घातला. मग आमच्या पतसंस्थांनी आणि कर्मचारी मंडळांनी आपल्या पोटनियमांत तो का घालू नये? आज त्यांतील अनेकांची वृत्ती अशी, की नाव असलेल्यास पैसे दिले म्हणजे आपण मोकळे. कायद्याच्या दृष्टीने संस्था मोकळी होत असेल. परंतु ज्याच्या पगारातून दरमहा वर्गणी कापून हा निधी उभा राहिला, त्याच्या पोरांपुढे ती मोकळी होत नाही. उलट वाद उभा राहताच '१९२५ च्या कायद्याखाली वारसा प्रमाणपत्र आणा' असे सांगून वर्षानुवर्षे रक्कम अडकवून ठेवणे, हाही तितकाच मोठा दोष होय. शाळेची फी आणि घरभाडे प्रमाणपत्राची वाट पाहत थांबत नाहीत.

आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक संस्थेने वार्षिक सभेच्या नोटिशीबरोबर सभासदास त्याचे नोंदलेले नाव कळवावे आणि ते बदलावयाचे की नाही, हे लेखी विचारावे. लग्नानंतर नवा अर्ज सक्तीचा करावा. मृत्यूनंतर तातडीची मदत निर्विवाद वारसांस लगेच द्यावी, आणि वाद असल्यास उरलेली रक्कम न्यायालयात भरून टाकावी. स्वतःच्या तिजोरीत निजवू नये.

आणि सभासदांनो, संस्थेच्या नोटिशीची वाट पाहू नका. उद्या कचेरीत जाल तेव्हा आपला अर्ज काढून पाहा. त्यावर कोणाचे नाव आहे, हे आपल्या पत्नीस आणि आईस एकत्र बसवून सांगा. तुमच्या घामाचा पैसा तुमच्या माणसांना एकमेकींविरुद्ध न्यायालयात उभे करण्यास कारण होऊ नये, हे तुमच्याच हाती आहे. आणि ते हयातीतच करावयाचे काम आहे.