समुद्र नाही, पण पाणी आहे

बुलडाणा जिल्ह्याला समुद्र नाही, मग बोटीवरच्या प्रथमोपचाराचं काय घेऊन बसलात, असं तुम्ही म्हणाल. मित्रांनो, एखाद्या सकाळी देऊळगाव राजा तालुक्यात खडकपूर्णेच्या धरणावर, आपल्या संत चोखासागरावर जाऊन बघा. नाहीतर नळगंगेवर, पेनटाकळीवर जा. जाळी घेऊन निघालेले मासेमार दिसतील. कुणी होडीत, कुणी थर्माकोलच्या तराफ्यावर, कुणी ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर. लाइफ जॅकेट मात्र शोधावंच लागतं.

वऱ्हाडानं याची किंमत मोजली आहे. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यात, झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटली. दशक्रियेसाठी जमलेली नातलग मंडळी होती. ११ जण गेले. २१ मे २०२४ ला उजनी धरणात वादळी वाऱ्यानं बोट उलटून सहा जण बुडाले. त्यानंतर दोनच दिवसांनी अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरा नदीत बुडालेल्यांना शोधायला गेलेली राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोटच उलटली आणि तीन जवान गेले. विहिरीत सूर मारत लहानाचे मोठे झालेल्यांनी हे नीट वाचावं. ‘मला पोहता येतं’ एवढ्यानं भागत नाही.

आता दुसरी बाजू बघा. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. शंभरावर माणसं पाण्यात. तेव्हा जवळ असलेली ‘पूर्वा’ ही पायलट बोट धावली. एका चिमुरडीचा श्वास थांबल्यासारखा होता. बोटीवरच्या माणसांनी तिची छाती दाबली, श्वास दिला आणि ती पुन्हा श्वास घेऊ लागली. तिथे डॉक्टर नव्हता, होते ते बोट चालवणारे.

मुद्दा मिनिटांचा आहे. श्वास थांबला की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. १०८ ला फोन लावायचाच, पण तालुक्याच्या गावाहून धरणाच्या काठापर्यंतचा रस्ता तुम्ही पाहिलेला आहे. गाडी पोचेपर्यंत जे करायचं ते होडीतल्या माणसांनीच.

कुणी पडला तर पहिलं काम इंजिन बंद करणं, पंखा पाय कापतो. लगेच उडी मारू नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच मिठी मारतो. दोरी टाका, वल्हं पुढे करा, झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन फेका. त्याला वर घेताना सगळे एका कडेला धावले तर होडीच उलटते. बाकीच्यांनी खाली बसून राहायचं आणि त्याला मागच्या टोकाकडून ओढून घ्यायचं.

वर घेतल्यावर आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे पोट दाबणं, उलटं टांगणं, खांद्यावर घेऊन गरगर फिरवणं. ‘पाणी काढा, पाणी काढा’ असा गलका होतो. त्यानं पोटातलं बाहेर येऊन फुप्फुसात जातं आणि मोलाची मिनिटं वाया जातात. बुडालेल्याला हवा लागते. श्वास चालू नसेल तर हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरा आणि तोंडानं दोन ते पाच श्वास द्या. प्रत्येक श्वासाला छाती वर उचललेली दिसली पाहिजे. मग छातीच्या मधोमध, मोठ्या माणसाला साधारण पाच सेंटिमीटर खोल दाब; तीस वेळा दाबून दोन श्वास. वेग मिनिटाला १०० ते १२०. डगमगत्या छोट्या होडीत छाती दाबणं जमणार नाही. तिथे श्वास देत राहा आणि काठ गाठून कडक जमिनीवर दाबायला लागा. उलटी झाली तर कुशीवर वळवा. शुद्धीवर आला, हसला, चहा मागितला, तरी ओले कपडे काढून, पांघरूण घालून दवाखान्यात न्याच. आत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.

हे वाचून येत नाही, हातानं करावं लागतं. एनएसएसच्या शिबिरात झाडू हातात घेऊन फोटो काढतो, तसा अर्धा दिवस रबरी पुतळ्यावर छाती दाबायला का नको? प्राचार्यांकडे मागा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन ‘आपदा मित्र’चं पुढचं प्रशिक्षण कधी आहे ते विचारा. मासेमारी संस्थेच्या सभेत होडीमागे दोरी, कॅन आणि माणशी जॅकेट असा ठराव घ्यायला लावा. हे काम तरण्या पोरापोरींनीच अंगावर घ्यावं, थोरले ‘पिढ्यान् पिढ्या असंच चाललंय’ म्हणून हसतील.

आणि गणपती मंडळाच्या बैठकीत ढोल-ताशाचा हिशेब झाला की हात वर करून विचारा: विसर्जनाच्या होडीत किती जण बसणार, आणि तेवढी जॅकेटं कोण आणणार?