नाट्यगृहाचं तिकीट आणि चळवळीचं प्रमाणपत्र

६ डिसेंबरला आमच्या भिगवणचा एक पोरगा आमच्याबरोबर चैत्यभूमीच्या रांगेत उभा होता. पुण्यात नोकरीला आहे, खोली करून राहतो. त्याच महिन्यात त्यानं सवाई गंधर्व महोत्सवातला आपला फोटो कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर टाकला. झालं! कुणी लिहिलं, ‘पुण्याचं पाणी लागलं.’ कुणी लिहिलं, ‘भटाळला.’ आमच्यातल्या सगळ्यात जुन्या कार्यकर्त्यानं लिहिलं, ‘गावोगाव आपली पोरं मार खातात आणि तुम्ही तंबोरे ऐकत बसता.’ पोरानं उत्तर दिलं नाही. रात्री तो ग्रुप सोडून गेला.

एक शिकलेला, कमावता, चळवळीला वर्गणी देणारा तरुण आपण एका फोटोपायी घालवला. म्हणून हा लेख.

ज्या दादांनी ते लिहिलं, त्यांनी नामांतराच्या लढ्यात पोलिसांचा मार खाल्लाय. त्यांचा राग मला कळतो. पण राग खरा असला म्हणून युक्तिवाद खरा होत नाही. अन्याय संपेपर्यंत गाणं ऐकायचं नाही, हा नियम फक्त आपल्यालाच का? जातीनं आपली जमीन, पाणी, पुस्तक हिरावलं. आता उरलेली संध्याकाळही आपण आपल्या हातानं जातीच्या पदरात टाकायची का?

संविधानाचं कलम १५ उघडा. त्याच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते आहेत. आपण ते वाचतो, कारण त्यामागे १९२७ चं महाड उभं आहे. पण त्याच खंडात दुकानं आणि उपाहारगृहांच्या बरोबरीनं सार्वजनिक करमणुकीची ठिकाणंही आहेत. तिथं कुणालाही जातीवरून अडवता येणार नाही, असं संविधान सांगतं. म्हणजे चवदार तळं आणि नाट्यगृह एकाच खंडात आहेत. पाण्याचा हक्क क्रांती आणि नाटकाचा हक्क चैन, ही वाटणी संविधानात नाही, आपल्या डोक्यात आहे.

पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ ला सुरू झालं. ते महापालिकेचं आहे, कुणा एका पेठेचं नाही. ज्या हातांनी हे शहर रोज पहाटे झाडलं, त्या हातांच्या पोरांचा त्या खुर्चीवर हक्क आहे. आणि २६ जून ही शाहू महाराजांचीही जयंती. कोल्हापुरात १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभारणारा राजा आणि १९०२ मध्ये ५० टक्के जागा राखीव ठेवणारा राजा एकच होता. त्यांना या दोन कामांत विरोध दिसला नाही.

दुसरा आक्षेप धम्माचा काढतात. ‘बौद्धानं नाच-गाणी बघू नयेत.’ कुठं लिहिलंय? पंचशीलात नाही. अष्टशीलात आहे, ते उपोसथाचं व्रत आहे, त्या दिवसापुरतं. आणि भारतातल्या सर्वांत जुन्या हाती लागलेल्या संस्कृत नाटकांत अश्वघोषाचं नाटक आहे. तो बौद्ध होता, आणि नाटकाचा विषय सारिपुत्ताची दीक्षा. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकातली नर्तकी आणि वादक स्त्रिया पाहा. ती चित्रं विहाराच्या भिंतीवर आहेत.

चळवळीचंही तसंच. ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो, विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या ‘सीता स्वयंवर’च्या नावानं. पण जोतिरावांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिलं, ते दक्षिणा प्राइझ कमिटीनं नाकारलं, हे त्या दिवशी किती जण सांगतात? पुढं सत्यशोधकांचे जलसे झाले, मग भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे. म. भि. चिटणीसांचं ‘युगयात्रा’ १९५५ मध्ये मिलिंद महाविद्यालयात झालं, तेव्हा ते बघायला स्वतः बाबासाहेब होते. उतारवयात बाबासाहेब व्हायोलिन शिकत होते. त्यांना कुणी ‘भटाळला’ म्हणेल का?

प्रल्हाद शिंद्यांचा आवाज आषाढीला सदाशिव पेठेतही वाजतो. ऐकणाऱ्यांची जात त्यानं बदलत नाही. मग आपण यमन ऐकला तर आपलीच ओळख इतकी तकलादू कशी, की ती लगेच वितळते?

आता दुसऱ्या बाजूला बोलतो. शहरात गेलेल्या माझ्या धाकट्या भावंडांनो, तुम्हीही ऐका.

समाजशास्त्रात पिएर बोर्द्यू नावाचा अभ्यासक शिकवतात. ‘सांस्कृतिक भांडवल’ हा त्याचा शब्द. अभिरुची जन्मजात नसते, ती घर आणि शाळा घडवतात, आणि मग तीच माणसांना वर-खाली लावण्यासाठी वापरली जाते. एम.ए.ला असताना मी पहिल्यांदा नाट्यगृहात गेलो. दुसरी घंटा झाली तरी मी बाहेरच उभा, कारण तिसरी घंटा असते हेच माहीत नव्हतं. आत गेल्यावर लोक हसले की मी हसायचो. ते भांडवल मी हळूहळू कमावलं, त्याची लाज नाही. पण ते कमावताना काही जण स्वतःचं विकून टाकतात. सवाईचा फोटो टाकतात आणि जयंतीचा टाकत नाहीत. सोसायटीत वामनदादांचं गाणं लावताना आवाज कमी करतात. याला आनंद म्हणत नाहीत, ही भीती आहे.

आणि खुर्चीवर बसल्यावर प्रश्न विचारायला विसरू नका. मंचावर कोण आहे? विठाबाई नारायणगावकर याच पुणे जिल्ह्यातल्या. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, आणि शेवटचे दिवस हलाखीत गेले. एकीच्या कलेला ‘अभिजात’ म्हणायचं आणि दुसरीच्या कलेला ‘लोककला’ म्हणून तंबूत ठेवायचं, हे कोण ठरवतं? जालन्याच्या शेतकरी पोरांनी २०१२ मध्ये ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ शहरांच्या नाट्यगृहांत गाजवलं. दार उघडतं, पण ते प्रेक्षक म्हणूनही ढकलावं लागतं आणि कलावंत म्हणूनही.

भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. ते बघायला पुणेकर शंभर किलोमीटर गाडी चालवतात, उजनीच्या काठावर मासे खातात आणि परत जातात. कुणी त्यांना विचारत नाही, ‘तुमच्याकडं प्रश्न संपले का?’ आमच्या पोरानं तेवढंच अंतर उलट दिशेनं कापलं, तर त्याला प्रमाणपत्र मागायचं?

म्हणून दोन गोष्टी मागतो. कार्यकर्त्यांनो, येत्या १४ एप्रिलच्या वर्गणीतून डीजेच्या भिंतीचा एक दिवसाचा पैसा बाजूला काढा. त्यात एक जलसा किंवा एक नाटक भिगवणमध्ये आणा. बायका, म्हातारी माणसं, पोरं बसून बघतील असं. आणि शहरातल्या तरुणांनो, तुम्ही तिथं जे बघितलं, ऐकलं, शिकलात, ते त्या रात्रीसाठी घेऊन या. प्रकाशयोजना कशी करतात, संहिता कशी वाचतात, तालीम किती दिवस चालते, हे आम्हाला सांगा.

त्या पोराला मी फोन केलाय. तो म्हणाला, ‘दादा, येतो, पण आधी त्यांना म्हणावं एकदा माझ्याबरोबर बसून ऐका.’ जुन्या दादांपर्यंत निरोप पोचवलाय. तिकिटाचे पैसे मी देणार आहे.

जय भीम! जय संविधान!