सायकलस्वाराच्या नोंदीचा मालक कोण?

सायकल हे श्रमिकाचे वाहन. तिला ना पेट्रोलचा खर्च, ना परवान्याची कटकट. आता तिच्या हँडलवर स्मार्टफोन बसला असून कोणती वाट, किती किलोमीटर, किती वेग, किती चढ याचा हिशेब ठेवणारी अ‍ॅप्स शहरांतून सर्रास वापरली जात आहेत. हिशेब ठेवण्यात गैर काही नाही. रोजच्या नोंदीमुळे नेमाने सायकल चालविण्याची सवय लागते. परंतु अ‍ॅप निवडताना सुविधा कोणत्या आणि वर्गणी किती, एवढेच विचारले जाते. त्याआधी विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : ही नोंद कोणाच्या मालकीची?

नोंद तयार कशी होते, हे आधी पाहिले पाहिजे. फोनला आपली जागा कळते ती उपग्रहांच्या संदेशांवरून. त्यांपैकी जीपीएसचे उपग्रह अमेरिकन जनतेच्या करातून उभे राहिले. नागरी वापरासाठीच्या संदेशात मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली आणि साऱ्या जगाला अचूक स्थाननिश्चिती फुकट मिळू लागली. अनेक अ‍ॅप्स ज्या नकाशावर उभी आहेत तो ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासून जगभरच्या स्वयंसेवकांनी विनामोबदला रचला आहे. आणि पायडल मारण्याचे श्रम तर सर्वस्वी स्वाराचे! कंपनी या तिन्हींची जुळणी करते. तिच्या तंत्रज्ञांच्या कौशल्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण जुळणी करणारा साऱ्या मालाचा धनी कसा ठरतो?

मालकीचा हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. एन्डोमोन्डो हे डेन्मार्कमध्ये जन्मलेले लोकप्रिय अ‍ॅप २०१५ मध्ये अंडर आर्मर या अमेरिकन कंपनीने साडेआठ कोटी डॉलरना विकत घेतले आणि २०२० च्या अखेरीस बंद केले. ज्यांनी आपल्या नोंदी वेळेवर उतरवून घेतल्या नाहीत, त्यांच्या वर्षानुवर्षांच्या फेऱ्या हातच्या गेल्या. जर्मनीतील कोमूट मार्च २०२५ मध्ये बेंडिंग स्पून्स या इटालियन कंपनीच्या हाती गेले आणि पाठोपाठ बहुसंख्य कर्मचाऱ्यांना घरी बसावे लागले. मार्ग सुचविणारे लाखो स्वार आणि अ‍ॅप घडविणारे कामगार, दोघांनाही या सौद्यात मत नव्हते. स्ट्राव्हा या सर्वांत प्रसिद्ध अ‍ॅपवरील शर्यतीचे टप्पे स्वारांनीच आखलेले आहेत; पण त्यांची संपूर्ण क्रमवारी पाहावयाची तर मे २०२० पासून वर्गणी भरावी लागते. लोकांनी बांधलेल्या रस्त्यावर नंतर टोलनाका बसवावा, तशातला हा प्रकार!

दुसरा धोका उघडे पडण्याचा. स्ट्राव्हाने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरच्या फेऱ्यांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने दाखवून दिले, की सैनिकांच्या धावण्याच्या वाटांवरून लष्करी तळांचे आराखडेच त्यात उमटले आहेत. २०२४ मध्ये 'ल माँद' या फ्रेंच दैनिकाने राष्ट्रप्रमुखांच्या अंगरक्षकांच्या नोंदींवरून त्यांच्या दौऱ्यांचा माग काढून दाखविला. ज्यांच्याभोवती एवढा पहारा, त्यांची ही गत. मग रोज पहाटे एकाच वाटेने एकटी जाणाऱ्या स्त्रीचे काय? सभेला, संपाच्या बैठकीला सायकलने जाणाऱ्या कार्यकर्त्याचे काय? सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. पण तो हक्क ज्याचा त्यानेच रोज जपला नाही, तर निकालपत्रातच राहील.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अशा नोंदींवरून आता रस्त्यांचे नियोजनही होऊ लागले आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या वाहतूक खात्याने स्ट्राव्हाची आकडेवारी पैसे देऊन घेतली. २०२० पासून कंपनी ती सार्वजनिक संस्थांना विनामूल्य देते, हे मान्य केले पाहिजे. परंतु अ‍ॅप लावून निघतो तो बहुधा हौशी स्वार. रात्रपाळीचा पहारेकरी, गवंडी, दूधवाला त्या नकाशात दिसत नाहीत. भारतात २०११ च्या जनगणनेनुसार सायकलने कामावर जाणाऱ्यांची संख्या दोन कोटींहून अधिक होती. उद्या एखाद्या महापालिकेने अ‍ॅपच्या नकाशावरून सायकलमार्ग आखले, तर ते हौशी फिरणाऱ्यांच्या वाटेवर होतील आणि कारखान्याचा रस्ता ट्रकांच्या हवाली राहील. चौकात उभे राहून केलेली मोजणी हाच तेथे खरा पुरावा होय.

मग निवड कशी करावी? अँड्रॉइड फोनवर ओपनट्रॅक्स हे मुक्त अ‍ॅप आहे. ते इंटरनेटची परवानगीच मागत नाही, त्यामुळे नोंद फोनबाहेर आपोआप जात नाही. ऑसमँड नकाशे उतरवून घेते आणि घाटात जाळे नसतानाही वाट दाखविते. ज्यांना मित्रमंडळासाठी स्ट्राव्हाच हवे असेल, त्यांनी नोंद केवळ स्वतःपुरती किंवा अनुयायांपुरती ठेवावी, घराभोवतीचा भाग लपवावा आणि एकत्रित नकाशातील सहभागाची परवानगी काढून घ्यावी. अ‍ॅप कोणतेही असो, फेऱ्यांची जीपीएक्स प्रत दरमहा स्वतःजवळ उतरवून ठेवावी. ज्या अ‍ॅपमधून ती निघत नाही, ते घेऊच नये. फोनची बॅटरी-बचत त्या अ‍ॅपपुरती बंद ठेवावी, अन्यथा मध्येच नोंद तुटते. चढाचे आकडे प्रत्येक अ‍ॅप आपल्या रीतीने काढते. दोन अ‍ॅप्सच्या आकड्यांवरून वाद घालण्यात अर्थ नाही.

एवढी दक्षता कशाला, फेरीचा आनंद पुरे, असे काही जण म्हणतील. सोबतीचा आनंद मोलाचा आहेच. क्रमवारीच्या चढाओढीत तो हरवू नये, हेही तितकेच खरे. पण शेतातील धान्याचा हिशेब सावकाराच्या वहीत राहिला म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावयास नको. वही बदलली, शाई गेली, काचेचा पडदा आला; वही आपल्या घरी असावी, हा धडा मात्र जुनाच आहे.