आपल्या गाडीत कोण बसतं?

संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी पोलोग्राउंडला उभं राहून बघा. कारखान्यांतून, वीज कंपनीच्या ऑफिसातून गाड्या निघतात, आणि एकेका गाडीत तिघं-चौघं. गाडी एकाची, बाकीचे शेजारी नाहीतर सहकारी. त्यांना काही झालं तर खर्च कोण करणार, हा विचार पॉलिसी रिन्यू करताना कुणाच्याच डोक्यात नसतो. ‘जास्तीचं काही नको, सगळ्यात स्वस्त ती द्या’ म्हणून आपण मोकळे!

सगळ्यात स्वस्त म्हणजे थर्ड पार्टी. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ती सक्तीची आहे, पण आपल्याच खासगी गाडीत फुकट बसलेला माणूस तिच्यात येत नाही. स्कूटरवर मागे बसलेल्या माणसाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हेच सांगितलं. गाडीमालकासाठी १५ लाखांचं अपघात कवच असतं खरं, पण ते मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. हाड मोडून प्लेट बसवली, तर त्यातून एक रुपया मिळत नाही.

मग जोडावं काय? माझ्या मते आधी घरातल्या सगळ्यांचा आरोग्य विमा. तो गाडीतही चालतो आणि जिन्यावरून पडलो तरी चालतो. तो भक्कम असेल, तर स्वतःसाठी उपचारखर्चाची वेगळी जोडणी घेतली नाही तरी चालेल. पण गाडीत रोज इतर माणसं बसत असतील, तर पॅकेज पॉलिसी आणि प्रवाशांचं कवच घ्यायलाच हवं. उपचारखर्चाची जोडणी मिळत असेल तर तीही, कारण त्यांच्या घरी आरोग्य विमा आहे की नाही, हे आपण विचारलेलं नसतं.

कुणी म्हणेल, मे २०२५ पासून सरकारची कॅशलेस योजना आहे की. आहे, आणि चांगलीच आहे: दीड लाखापर्यंत उपचार, पण अपघातापासून सातच दिवस. मोडलेला पाय सात दिवसांत चालायला लागत नाही.

चांगल्या शोमरोनीचा दाखला आपण सगळ्यांनी ऐकलाय. त्याने जखमा बांधल्या, हे लक्षात राहतं. पण त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन चांदीची नाणी दिली आणि जास्त खर्च झाला तर तोही भरायचं कबूल केलं, हे आपण विसरतो. त्याची दया खिशापर्यंत पोचली होती. म्हणून यंदा रिन्यूअलचा फोन आला, की ‘किती कमी होईल?’ विचारण्याआधी आपल्या गाडीत कोण कोण बसतं, ते एकदा आठवा.