गहाण पडलेला मुलूख

अमेरिकेने आपल्या पश्चिमेचा मोठा भाग रोख खरेदीने मिळविला. १८०३ साली फ्रान्सकडून लुइझियानाचा अवाढव्य प्रदेश दीड कोटी डॉलरला घेतला गेला. पुढे १८६२ च्या कायद्याने वसाहतकऱ्यांना १६० एकरांपर्यंत जमीन जवळजवळ विनामूल्य मिळू लागली. तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मूळ रहिवाशांची संमती या सौद्यात कोणी विचारली नाही. त्याच शतकात धाराशिवच्या मुलखाचाही सौदा झाला. मात्र तो खरेदीचा नव्हे, गहाणाचा.

निजामाच्या नावे उभारलेल्या, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत असलेल्या कंटिंजंट फौजेचा खर्च थकत गेला. कंपनीच्या वहीत बाकी फुगत राहिली. अखेर मे १८५३ मध्ये रेसिडेंट कर्नल लो यांनी नासिरुद्दौला यांच्याकडून, त्यांच्या मनाविरुद्ध, तह करवून घेतला आणि वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब कंपनीकडे सोपविले गेले. पेढीच्या भाषेत हे ताबेगहाण. धनी निजामच, कब्जा आणि वसुली कंपनीची. फौजेचा व कारभाराचा खर्च वजा जाता उरेल ती शिल्लक धन्यास द्यावी आणि दरसाल हिशेब दाखवावा, असे ठरले.

कारभार पाहण्यास नळदुर्गी आले मेडोज टेलर. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याचे हे चिरंजीव १८२४ साली, कोवळ्या वयात, भागीदारीच्या आशेने मुंबईच्या एका पेढीत आले होते. पेढी आतून पोकळ निघाली आणि ते निजामाच्या चाकरीत शिरले. ती पेढी भक्कम असती, तर ठगांवरील त्यांची विख्यात कादंबरी बहुधा लिहिलीच गेली नसती! नळदुर्गी त्यांनी जमीनमोजणी आणि रस्त्यांची कामे हाती घेतली. १८५७ साली त्यांची रवानगी वऱ्हाडात झाली.

त्या वर्षीच्या धामधुमीत हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. त्याचे फळ म्हणून १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर परत मिळाले, पन्नास लाखांचे कर्जही माफ झाले. परंतु त्याच तहात निजामाने सोपविलेल्या मुलखांच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क सोडून दिला. जाणता व्यापारी प्रसंगी व्याज सोडील, मुद्दलातही सूट देईल. वही पाहण्याचा हक्क तो सोडणार नाही. वऱ्हाड तर सुटलेच नाही. १९०२ साली वार्षिक पंचवीस लाखांच्या खंडाने ते कायमचे इंग्रजांकडे गेले.