पंच घ्यायचा की करायचा?

मॉडेलिंग म्हटलं की आपल्या कॉलेजात दोनच अर्थ घेतले जातात. एक कॅडच्या लॅबमधलं आणि दुसरं गॅदरिंगला रॅम्पवरचं. आमचं तिसरंच आहे. दोन्ही हॉस्टेल धरून आम्ही सहा-सात डोकी प्लास्टिकचे छोटे रणगाडे, विमानं, क्वचित एखादं रेल्वेचं इंजिन जोडत बसतो. खोलीत थिनरचा वास येतो, रूममेट वैतागतात, "हे सिलॅबसमध्ये आहे का गं?" असं रेक्टर मॅडमनी एकदा विचारूनही झालंय. असो.

दर वर्षी ग्रुपमध्ये नवी मंडळी येतात, दोन किट जोडून होतात, आणि मग एक प्रश्न हमखास येतो: पंच अँड डाय सेट कुठला घेऊ? त्यावर सीनियर लोक जी उत्तरं देतात ती मला पटत नाहीत. कोणी म्हणतं सगळ्यात मोठा सेट घे, एकदाच खर्च. कोणी म्हणतं काही गरज नाही, रेडिमेड बोल्ट मिळतात. माझं मत वेगळं आहे, आणि त्यातला निम्मा भाग स्टाफने वाचावा असा आहे, म्हणून हा लेख.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोलादाच्या दोन जाड पट्ट्या, एकावर एक. दोन्हींत एकाच रेषेत वेगवेगळ्या मापांची भोकं. मध्ये प्लास्टिकची पातळ शीट सरकवायची, वरच्या भोकात त्याच मापाची पोलादी काडी, म्हणजे पंच, सोडायचा आणि छोट्या हातोडीने एक टपली मारायची. खाली एक स्वच्छ गोल चकती पडते. बस्स. थर्ड इयरला प्रॉडक्शनवाले ज्याला ब्लँकिंग म्हणून अर्धा पेपर लिहितात, तेच. फरक एवढाच की तिथे प्रेस टनांत मोजतात आणि इथे हॉस्टेलच्या टेबलावर जेवणाचं ताट बाजूला सारून काम चालतं.

या चकत्यांचं करायचं काय? रणगाड्यावर बोल्ट असतात, शेकड्यांनी. अमेरिकन शर्मनचंच घ्या. सुरुवातीच्या शर्मनच्या नाकावर तीन तुकड्यांचं ट्रान्समिशन हाऊसिंग असायचं आणि ते तुकडे बोल्टच्या रांगांनी जोडलेले असायचे. किटमधला जोड घासून सपाट करताना त्यातले चार बोल्ट हमखास साफ होतात. ते परत कुठून आणणार? विमानवाल्यांना कॉकपिटमधली घड्याळं लागतात. डायलचं डेकल प्लास्टिकच्या शीटवर चिकटवायचं, पंचने कापायचं आणि पॅनेलवर बसवायचं. शिवाय वॉशर, हेडलाइटची काच, पेट्रोलच्या टाकीचं झाकण, असं काय काय.

आता थोडं गणित. घाबरू नका, ओरलला विचारणार नाहीत. एम१६ बोल्टच्या डोक्याची रुंदी, म्हणजे पाना जिथे बसतो ते माप, २४ मिलिमीटर. १/३५ स्केलला ते होतं ०.६९. एम२० चं ३० मिलिमीटर, म्हणजे ०.८६. एम२४ सारखा दांडगा बोल्ट घेतला तरी ३६, म्हणजे जेमतेम १.०३. विमानातलं नेहमीचं मोठं घड्याळ ३.१२५ इंचाचं, म्हणजे ७९ मिलिमीटर. १/४८ ला ते १.६५ आणि १/७२ ला १.१ मिलिमीटर. बघा, सगळा खेळ दोन मिलिमीटरच्या आत संपला! आणि आपली मंडळी सेट घेताना काय बघतात? "यात पाच मिलिमीटरपर्यंत पंच आहेत." अरे, पाच मिलिमीटरची चकती कंपास आणि कात्रीनेही निघते. सेट किती मोठ्या मापापर्यंत जातो याला अर्थ नाही. एकच्या खाली किती मापं आहेत आणि त्यांच्यात किती बारीक पायऱ्या आहेत, ते मोजा. ०.५, ०.६, ०.७, ०.८ असे पंच असतील तर तो सेट कामाचा. एकदम ०.५ वरून १ वर उडी असेल तर दुकानदाराला नमस्कार करून पुढे जावं.

जाडीही तितकीच महत्त्वाची, पण तिच्याकडे कोणी बघत नाही. एम१६ चं डोकं १० मिलिमीटर उंच, एम२० चं १२.५. स्केलला ०.२९ आणि ०.३६. मॉडेलिंगची शीट इंचाच्या हजारांश भागांत मिळते: १० हजारांश म्हणजे ०.२५ मिलिमीटर, १५ म्हणजे ०.३८. म्हणजे एम१६ ला दहाची आणि एम२० ला पंधराची शीट. एवढं सांभाळलं तर बोल्ट बोल्टसारखा दिसतो, नाहीतर चिकटवलेल्या टिकलीसारखा.

आता गोल की षट्कोनी? षट्कोनी सेट बघितला की सगळ्यांची लाळ गळते. माझीही गळते. हंगेरीच्या आरपी टूल्झचे असे सेट जगभर वापरले जातात. पण षट्कोनी भोक ड्रिलने पडत नाही हे लक्षात घ्या. वायरकटसारखी प्रोसेस लागते, आणि नेहमीची पाव मिलिमीटरची तार वापरली तर ०.८६ च्या षट्कोनाचे कोपरे गोलसरच येणार. धारदार कोपरा हवा तर तार आणखी बारीक, वेळ आणखी जास्त. म्हणून किंमत. उगाच नाही. १/३५ ला षट्कोन डोळ्याला दिसतो, तिथे तो हवाच. १/७२ ला एम२० चं डोकं ०.४२ मिलिमीटर होतं, तिथे गोल की षट्कोनी हे भिंग घेऊन परीक्षकच बघणार. विमानवाल्यांनी षट्कोनी सेटवर पैसे घालू नयेत. रेल्वेवाल्यांनी तर या फंदातच पडू नये. त्यांना रिव्हेट लागतात, रिव्हेटचं डोकं घुमटासारखं असतं, आणि ते पत्र्याच्या मागून टोचून उमटवायचं असतं, कापायचं नसतं. (कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये एकदा जाऊन या, सगळी हौस तिथेच फिटेल.)

विकत घेताना हात लावून बघायच्या गोष्टी दोन-तीनच. पंच वरच्या पट्टीत स्वतःच्या वजनाने सावकाश उतरला पाहिजे. डुगडुगला तर संपलं. ०.२५ च्या शीटला पंच आणि डायमधली फट एका बाजूला शीटच्या जाडीच्या पाच-दहा टक्के धरली तरी ०.०१२ ते ०.०२५ मिलिमीटर होते, म्हणजे केसाहूनही कमी. फट जास्त झाली की चकतीच्या कडेला मिशी येते, बर येतो. पंचचं तोंड सपाट आणि कडा तीक्ष्ण हवी. नखावर घासून बघा, साल निघाली पाहिजे. खालच्या पट्टीतलं भोक तळाकडे मोठं झालेलं हवं, नाहीतर चकत्या आत एकावर एक अडकतात आणि अर्धी रात्र त्या टोचून काढण्यात जाते. वरची पट्टी पारदर्शक ॲक्रिलिकची असेल तर डायल मधोमध धरायला सोपं जातं, पण ती भोकं लवकर झिजतात. मी तरी पोलादीच घेईन. आमच्यातल्या एकाने एका दुकानातून स्वस्तात सेट मागवला, त्यातले पंच पाणी न दिलेले निघाले. तिसऱ्या दिवशी ०.६ चा पंच केळ्यासारखा वाकला. दुकानाने परत घेतला नाही तो नाहीच.

चामड्याचे पोकळ पंच चालतील का, असंही विचारतात. तात्पुरते चालतात, पण चकती बशीसारखी वाकते आणि एक-दोन मिलिमीटरच्या खाली ते सहसा मिळत नाहीत. सोनारांचा डिस्क कटर मात्र उत्तम चीज आहे. तत्त्व तेच. फक्त त्याची मापं आपल्या दृष्टीने मोठी. चाकांसाठी घ्या.

आणि हो, "थ्रीडी प्रिंटर आहे की!" लॅबमधल्या प्रिंटरचं नोझल ०.४ मिलिमीटरचं आहे. त्यातून ०.८६ चा षट्कोन काढणं म्हणजे झाडूने रांगोळी काढणं. रेझिनचा प्रिंटर चांगले बोल्ट देतो, हे मान्य. पण रेझिन प्लास्टिकला सुपरग्लूनेच चिकटवावं लागतं. पॉलिस्टायरीनची चकती मात्र लिक्विड सिमेंटचा एक थेंब लावला की खालच्या प्लास्टिकशी एकजीव होते, वरून बोट फिरवलं तरी हलत नाही. ज्याने सुपरग्लूने चाळीस बोल्ट लावलेत त्याला हा फरक सांगावा लागत नाही.

आता मूळ मुद्दा. चांगला परदेशी सेट पोस्टेज आणि ड्यूटी धरून दोन-तीन महिन्यांच्या मेस बिलाच्या घरात जातो. हॉस्टेलमधल्या किती जणांना ते परवडतं? मग एक तर हौस सुटते, नाहीतर घरी "जर्नलचे पैसे" म्हणून सांगितलं जातं. आणि आपण शिकतोय कुठे? इंजिनिअरिंग कॉलेजात! ज्याच्या फिटिंग शॉपमध्ये रांगेने व्हाइस लावलेत तिथे!

फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनीच एमएसच्या दोन तुकड्यांना तासन् तास कानस मारली आहे. एकात व्ही, दुसऱ्यात उलटा व्ही, एकात एक बसवून सर उजेडाकडे धरून बघतात, मार्क पडतात, आणि जॉब स्क्रॅपच्या ड्रममध्ये. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कानस धरायला आली पाहिजे याबद्दल वाद नाही. पण त्याच तासांत चार जणांच्या ग्रुपने एक पंच-डाय सेट केला तर? कानस आहेच, शिवाय मार्किंग, ड्रिलिंग, रीमिंग, डॉवेल, फिट, हीट ट्रीटमेंट, सगळं एका जॉबमध्ये येतं. आणि तो जॉब कोणी ड्रममध्ये टाकणार नाही.

जमेल का? जमेल, पण एक मिलिमीटरच्या वरची मापं. हे स्पष्ट सांगते, कारण उगाच बढाई नको. आपल्या पिलर ड्रिलला ०.६ चं ड्रिल लावलं तर भोक पडायच्या आधी ड्रिल मोडतं. स्पीड कमी आणि स्पिंडलला थरथर. म्हणून माझा हिशेब असा: १ च्या खालचा सेट सगळ्यांनी वर्गणी काढून एकच विकत घ्यावा आणि ग्रुपच्या कपाटात ठेवावा. १, १.२, १.५, २, २.५ आणि ३ ही मापं शॉपमध्ये करावीत. डायलचं, वॉशरचं, हेडलाइटचं सगळं काम त्यात भागतं.

करायची रीत अवघड नाही. ओएचएनएसच्या दोन पट्ट्या सपाट ग्राइंड करून घ्यायच्या, एकत्र क्लॅम्प करून आधी दोन डॉवेल बसवायचे आणि मग भोकं दोन्हींतून एकदमच पाडायची. हे "एकदमच" सगळ्यात महत्त्वाचं. वेगवेगळी पाडून नंतर जुळवू म्हणाल तर जन्मात जुळणार नाहीत. एच७ रीमर फिरवला की तीन मिलिमीटरपर्यंतच्या भोकाला जास्तीत जास्त ०.०१ ची सूट, पंच एच६ शाफ्टच्या मापात घासला तर आणखी ०.००६. म्हणजे व्यासावर फार तर ०.०१६ ची फट, एका बाजूला ०.००८. प्लास्टिकला झकास. मग पट्ट्या सुट्या करून खालच्या पट्टीला तळाकडून मोठं ड्रिल मारायचं, वर दोन-तीन मिलिमीटर नेमकं माप शिल्लक ठेवून. दोन पट्ट्यांमध्ये शिम. पंच सिल्व्हर स्टीलचे. ताकदीची काळजी नको. २ मिलिमीटरचा पंच, अर्ध्या मिलिमीटरची शीट आणि शिअर स्ट्रेंग्थ ४० धरली तर परीघ गुणिले जाडी गुणिले ४०, म्हणजे १२६ न्यूटन. तेरा किलोही नाही. तोच हिशेब अर्ध्या मिलिमीटरच्या लोखंडी पत्र्याला लावला तर शंभर किलोच्या आसपास जातो, तेव्हा तो मोह आवरावा.

उरलं पोलादाला पाणी देणं. ओएचएनएसला साधारण ८०० डिग्रीला तापवून तेलात बुडवायचं आणि मग १८०-२०० ला टेम्पर करायचं, हे पुस्तकात आहे. पण आपल्या स्मिथी शॉपचे मामा भट्टीतला रंग बघून सांगतात, "अजून नाही... अजून नाही... आता काढ." ते पुस्तकात नाही. मामा पुढच्या वर्षी रिटायर होताहेत. आत्तापर्यंत त्यांच्याकडून हा रंग ओळखायला किती बॅचेस शिकल्या? बहुतेकांनी त्यांना फक्त जॉबवर नंबर मारून द्यायला गाठलेलं आहे.

अडचण मटेरियलची नाही, ओएचएनएसच्या दोन पट्ट्या चार जणांत वाटल्या तर फार महाग पडत नाहीत. अडचण वेळेची आहे. शॉप पाचला बंद होतं आणि प्रॅक्टिकल्स पाचलाच सुटतात. आठवड्यातून दोनच दिवस, मंगळवार आणि शुक्रवार, सातपर्यंत शॉप उघडं ठेवावं, आणि फिटिंगच्या दोन जॉबपैकी एक जॉब ग्रुपने पंच-डायचा करायची परवानगी असावी, एवढीच मागणी आहे. एच.ओ.डी. सरांकडे अर्ज दिला आहे. त्यावर सह्या कराव्यात. मॉडेलिंग करत नसाल तरी करा. सेटवर गॅस्केटचे आणि शिमचे वॉशरही छान निघतात, बाहावाले विचारा.

आणि ज्यांच्याकडे सेट आहे त्यांना एक विनंती. पावसाळ्यात पट्ट्या सुट्या करून मशीन ऑइलच्या फडक्यात गुंडाळून ठेवा. मेसच्या गोडेतेलात नको, ते चिकट होऊन पंच अडकतो. आणि रात्री बारानंतर टपल्या मारू नका. खालच्या मजल्यावर फर्स्ट इयरच्या मुली राहतात आणि त्यांचं सबमिशन चालू आहे.